डाव्या कुशीवर

सहावा महिना लागला आणि मला सलवार घालता येईना. पोटामुळे नव्हे, एका पायावर उभं राहता येत नव्हतं म्हणून. डावा पाय उचलला की माकडहाडापासून जांघेपर्यंत अशी कळ जायची की पलंगाची कड धरून मी तशीच, अर्धी सलवार चढवलेली, उभी राहायची. शेवटी पलंगावर बसून, लहान मुलीसारखे दोन्ही पाय एकदम घालायला शिकले. धारवाडच्या शाळेत चार तास फळ्यापुढे उभं राहून गणित शिकवायचं आणि नवनगरला घरी येताना बसमध्ये चढायचं, या दोन गोष्टींची सकाळी उठल्यापासून मला धास्ती असायची.

पण खरी धास्ती कंबरेची नव्हतीच. दोन वर्षांपूर्वी, पाचव्या महिन्यात, माझं पहिलं बाळ गेलं होतं. गर्भपिशवीचं तोंड वेळेआधीच उघडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला भूल दिलेली होती. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरून झालेलं होतं, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या विषयावर एक शब्द कुणी काढला नाही. सासूबाईंनी मला एवढंच बजावलं होतं की झालं ते झालं, आता कुणापुढे सांगत बसायचं नाही. हॉस्पिटलचे कागद त्यांनी स्वतःच्या लोखंडी कपाटात ठेवून दिले. या खेपेला चौथ्या महिन्यातच पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता. त्या एका टाक्यावर माझा सगळा जीव टांगणीला लागला होता. शिंक आली तरी मी आधी मांड्या आवळून घ्यायची.

सासूबाई शिक्षण खात्यातून निवृत्त झालेल्या. नववा महिना भरेपर्यंत त्या चालत ऑफिसला जात, हे मी लग्नाआधीपासून ऐकत आले होते. त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असे, तो म्हणजे चोचले. गॅसपुढे बसायला स्टूल मागितलं, चोचले. बादली उचलायला नवऱ्याला हाक मारली, चोचले. मनाने त्या दुष्ट नव्हत्या, पण मऊही नव्हत्या. आणि मीही काही गरीब गाय नाही. त्या बोलल्या की मी मुद्दाम भरलेली बादली उचलायला जायची, मग त्याच ओरडून ती माझ्या हातातून हिसकावून घ्यायच्या. असं आमचं चाललं होतं.

माझ्या डॉक्टरीणबाईंना मी कंबरेचं सांगितलं होतं, पण अर्धंच. त्या म्हणाल्या, पोट वाढतंय तर ओढ बसणारच, उभं राहणं कमी करा. मी मान हलवली आणि पुढचं गिळलं. नीट सांगितलं असतं तर त्यांनी मला नवव्या महिन्यापर्यंत अंथरुणावर टाकलं असतं आणि मी दिवसभर सासूबाईंच्या नजरेखाली पडून राहिले असते. त्यापेक्षा कळ परवडली.

स्टाफरूममधल्या एका मैत्रिणीने तोड काढली. हुबळीला विद्यानगरात एक बाई आहे, परदेशात कायरोप्रॅक्टिक शिकून आली आहे, गरोदर बायकांच्या कंबरेवर आणि ओटीपोटाच्या सांध्यांवर अगदी हलक्या हाताने उपचार करते. मैत्रिणीची बहीण तिच्याकडे जाऊन सुखाने झोपायला लागली होती. मी मोबाइलवर पाहिलेलं कायरोप्रॅक्टिक म्हणजे मान धरून कडकन मोडणं. घरी सांगितलं असतं तर सासूबाईंनी त्या बाईला हाडवैद्य ठरवून मला कोंडून घातलं असतं. नवरा तारिहाळच्या कारखान्यात, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. त्याला सांगावं तर तो आईपासून काही लपवत नाही. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. शाळेत जादा तास आहे असं घरी ठोकून दिलं आणि दुपारी बस पकडून नवनगरचा थांबा मागे टाकत सरळ विद्यानगरला उतरले.

ती माझ्याच वयाची निघाली. शिवमोग्ग्याकडची, कानडी अगदी मऊ, प्रत्येक वाक्याच्या शेवटी अल्वा, म्हणजे आपलं ‘नाही का’. मी माहेरची सांगलीकडची. इकडे येऊन चार वर्षं झाली असली तरी माझी कानडी म्हणजे भाजीवाली, कंडक्टर आणि स्टाफरूम यांनी मिळून केलेलं कडबोळं. ते धारवाडात खपतं. शिवमोग्ग्याची कानडी आली की मी निम्मं ऐकते आणि निम्मं अंदाजाने भरते.

तिने कागद पुढे ओढला आणि विचारत विचारत स्वतःच लिहायला लागली. वय काय, कितवा महिना, कुठे दुखतं, केव्हा दुखतं. मी सलवारीचं सांगितलं, कूस बदलतानाचं सांगितलं. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मला आवडलं नाही. तिने ते पाहिलं असावं. मान तिरकी करून, हसून तिने विचारलं,

“चोच्चल, अल्वा?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी तेच आणि इथेही तेच. सासूबाईंचा शब्द हिच्यापर्यंत कसा पोचला? कानडीत जरा लांबवून म्हणत असतील, पण अर्थ काय तो दिसतोच आहे, असं मी धरून चालले. भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून मी खोचकपणे म्हटलं, “हौदु.” म्हणजे हो बाई, चोचलेच आहेत, लिही.

तिने लिहिलं. आणि कागदाचा खालचा अर्धा भाग तसाच कोरा सोडून पान उलटलं. आत्ता काही त्रास आहे का, रक्तस्राव, ताप, असं तिने विचारलं. मी “एनिल्ल”, काही नाही, म्हणून मोकळी झाले. टाका हा काही मला त्रास वाटत नव्हता, तो तर त्रासावरचा इलाज होता. डॉक्टरांची फाइल आणलीय का, तर घरी राहिली. पुढच्या वेळी नक्की आणा, असं ती दोनदा म्हणाली. या खेपेची फाइलही सासूबाईंच्या कपाटात होती. ती मागितली असती तर का म्हणून विचारलं गेलं असतं. वर्गात मी रोज घसा फोडून सांगते की प्रश्न नीट वाचा, कळला नाही तर विचारा, मग उत्तर लिहा. आणि तिथे मी न कळलेल्या प्रश्नाला बेधडक उत्तर देऊन बसले होते.

तिच्या हाताबद्दल मात्र मला वाईट बोलता येणार नाही. तिने मला डाव्या कुशीवर निजवलं, गुडघ्यांमध्ये जाड उशी, पोटाखाली घडी घातलेला टॉवेल. कडकड आवाज येणार नाही, तिने आधीच सांगून टाकलं. खुब्याच्या हाडाखाली तिने एक लहानशी मऊ पाचर सरकवली आणि माकडहाडाच्या वर तळहात नुसता टेकवून ठेवला. मग अंगठ्याने दाबलं, पिकलेला आंबा दाबून पाहावा तितकंच. मी श्वास रोखून पडले होते. तिचा अंगठा हलला की माझं सगळं लक्ष आत, खाली, त्या टाक्याकडे. तिला वाटत होतं मी दुखण्याने ताठरले आहे. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, अंग सैल सोडा.

अर्ध्या तासाने मी उठले आणि दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभी राहिले. महिनाभरात पहिल्यांदा. बसच्या पायरीवर मी कुणाचा हात न धरता चढले. त्या आनंदात मी फाइलचं विसरून गेले, म्हणजे मला विसरायचंच होतं. तीन-चार दिवसांनी कळ परत आली, तेव्हा मी परत गेले. फाइल पुन्हा घरी राहिली. ती नाराज झाली, पुढच्या वेळी फाइल नसेल तर हात लावणार नाही म्हणाली.

तिसऱ्या वेळी मी फाइल बसमध्ये राहिली असं खोटं सांगितलं. सातवा महिना लागलेला होता. त्या दिवशी शाळेत तपासणी होती, सकाळपासून बसायला मिळालं नव्हतं, पाणी प्यायचं राहिलं होतं आणि कंबर अशी धरली होती की मी जवळजवळ रडून तिची मनधरणी केली. फक्त पाचर ठेवते, बाकी काही नाही, असं म्हणत तिने मला कुशीवर घेतलं.

पोट पहिल्यांदा घट्ट झालं ते बसमध्येच. टेबलावर पुन्हा झालं. सगळं पोट आवळून एका बाजूला गोळा झालं आणि थोड्या वेळाने सैल पडलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पुन्हा झालं तेव्हा तिचा हात माझ्या पाठीवर होता आणि तो तिथेच थांबला.

हे केव्हापासून, तिने विचारलं. बसमध्ये बसल्यापासून, मी म्हटलं. तिने हात काढून घेतला, पुढे येऊन माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिचा स्वतःचा चेहरा उतरला होता, पण ती मला धीर द्यायला म्हणाली की घाबरू नका, चोच्चलात असं होतं.

आता मात्र माझा तोल गेला. “हे चोचले नाहीत,” मी मराठीतच ओरडले. “माझं पोट दुखतंय आणि तुम्हाला हे चोचले वाटतात?”

तिला मराठी येत नव्हती. तिने एकच शब्द पकडला, आणि गोंधळून, मोडक्या हिंदीत विचारलं की चोच्चल म्हटल्याचा राग का आला? चोच्चल म्हणजे पहिलं बाळंतपण. पहिल्या खेपेची बाई. तुम्हीच तर हो म्हणालात, म्हणून आधीच्या बाळंतपणांची जागा मी कोरी सोडली.

मला माझीच लाज वाटली, पण लाजेला वेळ नव्हता, कारण पोट पुन्हा आवळायला लागलं होतं.

“एरडनेदु,” मी म्हटलं. दुसरं आहे.

“मग पहिलं?”

“होय्तु.” गेलं. पाचव्या महिन्यात. मी बोटांनीच पाच दाखवले. आणि मग, ज्या गोष्टीला मी त्रास म्हटलं नव्हतं, ती सांगितली. टाक्याला कानडीत काय म्हणतात ते मला आठवेना. मी हवेत सुई-दोऱ्याची खूण केली.

ती एक शब्दही रागाने बोलली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने मला हळूच उठवलं, खाली धरून नेलं, स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर डाव्या कुशीवर निजवलं आणि गाडी काढली. माझं हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं. त्या दहा मिनिटांत तिने मला बजावलं की पोट आवळलं की सांगा, आणि मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिने आरशातून मागे पाहिलं. माझ्या मनात एकच येत होतं की या वेळी मला भूल देऊ नका. जे होईल ते मला कळू दे.

नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. कारखान्यात मशीनपाशी ते फोन नेत नाहीत. उरल्या सासूबाई. मी त्यांना सांगितलं की मी हुबळीत आहे, पोट आवळतंय, हॉस्पिटलला निघाले आहे, कपाटातली फाइल घेऊन या. हुबळीत कशी, असं त्या विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होते. त्यांनी विचारलं नाही.

“टाका?” एवढंच म्हणाल्या.

“माहीत नाही,” मी म्हटलं. फोन बंद झाला.

पुढचे दोन तास मला सलग आठवत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, स्कॅन केलं, पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आवाज सुरू ठेवला. सलाइन लावलं, गोळ्या दिल्या. स्कॅन करताना त्या पडद्याकडे बघत गप्प होत्या आणि मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. सासूबाई फाइल छातीशी धरून दारात उभ्या होत्या. घरातल्या साडीवरच आल्या होत्या, पायांत दोन वेगळ्या चपला. मला ते दिसलं, पण हसू आलं नाही. मला वाटलं, आता या माझी चामडी सोलतील. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, पट्ट्यातून येणाऱ्या ठोक्यांकडे कान लावून उभ्या होत्या.

टाका धरून होता. संध्याकाळपर्यंत आवळणं लांबत लांबत थांबलं. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हां दोघींना, म्हणजे मला आणि त्या विद्यानगरवालीला, समोर घेतलं. ती तोवर बाहेरच्या बाकावर बसून होती, तिला जा म्हटलं तरी गेली नव्हती. काय केलं, किती दाब, कुठे, हे त्यांनी तिला नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या की दाबण्यामुळे हे झालं असं मला वाटत नाही, दिवसभर उभं राहणं आणि कोरडं पडलेलं अंग हे कारण पुरेसं आहे. “पण हिने तुम्हाला मी घातलेल्या टाक्याबद्दल सांगितलं नाही, मला तुमच्याबद्दल सांगितलं नाही. काही झालं असतं तर आपण दोघींनी कशाच्या आधारावर काय करायचं होतं?” माझ्याकडे बघायचीही त्यांना गरज वाटली नाही. मी चादरीचा काठ गुंडाळत राहिले. एवढी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

मला नवव्या महिन्यापर्यंत घरी आडवं राहायचं ठरलं, ज्याला मी एवढी घाबरत होते तेच. आडवं राहिलं की कंबर आणखी धरते, हे सासूबाईंनीच पुढे होऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. “तिला रात्री कूस बदलताना किती दुखायलंय ते मी ऐकते की,” त्या म्हणाल्या. “भिंतीपलीकडं मीच तर झोपते.” चोचले म्हणणारी बाई रोज रात्री कान देऊन जागी होती.

मग त्या दोघी जाणकार बायकांनी मिळून ठरवलं. टेबल नाही, पाचर नाही, दाबणं नाही. उशा कशा लावायच्या, गुडघे जुळवून कूस कशी बदलायची, आणि माकडहाडाच्या वर उबदार तळहात नुसता ठेवायचा, बस. तळहात कुणाचा ठेवायचा, असा प्रश्न आला. सासूबाईंनी पदराला हात पुसला आणि तो पुढे केला. विद्यानगरवालीने तो धरून माझ्या पाठीवर योग्य जागी ठेवून दाखवला. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण त्यांचा हात माझ्या अंगाला असा कधी लागला नव्हता. तो खरखरीत आणि कढत होता.

त्यानंतरचे दोन महिने मी डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून काढले. रोज सकाळी आणि दुपारी त्या येऊन बसायच्या, हात ठेवायच्या. बोलणं होत नसे. भांडायला दोघींचीही तोंडं समोरासमोर लागतात. कधी पोट जरा ताठ झालं की त्यांच्या तळहाताला माझ्याआधी कळायचं, आणि ते सैल पडेपर्यंत आम्ही दोघी श्वास धरून राहायचो. असं कितीतरी वेळा झालं. दर वेळी मला वाटे, आता नाही, अजून चार दिवस, अजून चार दिवस.

सदतिसावा आठवडा पुरा झाल्यावर टाका काढला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाळंत झाले. भूल नव्हती. मी सगळं पाहिलं, सगळं ऐकलं. मुलगी झाली. तिला पुसून, गुंडाळून नर्सने बाहेर सासूबाईंच्या हातात दिलं आणि मला खोलीत आणलं तेव्हा त्या खिडकीपाशी तिला घेऊन उभ्या होत्या. दुपट्याचा कोपरा बाजूला करून त्या बराच वेळ तिचा कान न्याहाळत होत्या. एका बोटाने त्यांनी कानाची पाळी उलटी-सुलटी करून पाहिली.

“हिचे कान वेगळे आहेत,” त्या म्हणाल्या, मला नव्हे, स्वतःशीच.

“कुणापेक्षा?” मी विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. “पहिलीपेक्षा,” त्या म्हणाल्या. “तिचे अगदी तुझ्यासारखे होते. पुढं आलेले, बारके.”

मला ती मुलगी होती हेदेखील माहीत नव्हतं. दोन वर्षं मी असं समजून राहिले होते की तिला कुणी पाहिलंच नाही.